तारेचे झाड आणि दारातले झाड

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात माझ्या मोठ्या भावाने केलेले तांब्याच्या तारेचे झाड मी ठेवले होते. वीतभर उंचीचे, काळ्या दगडावर मुळे रोवून उभे असलेले. परीक्षक आले. त्यांनी ते उचलले, चारी बाजूंनी पाहिले आणि कौतुकही केले. मग म्हणाले, "काम सफाईचे आहे; पण या एका बाजूला फांद्या कमी पडल्या. आणि हे शिल्पकलेत बसत नाही. 'टाकाऊतून टिकाऊ'च्या टेबलावर ठेवा." झाड उचलले गेले आणि प्लास्टिकच्या बाटल्यांच्या फुलदाण्या व आइस्क्रीमच्या काड्यांची घरे यांच्यामध्ये जाऊन बसले.

बक्षीस मिळाले नाही याचे मला दुःख नाही. दुःख एवढेच की, दिवसभरात शेदीडशे माणसे त्या टेबलापुढून गेली, किती तार लागली, किती दिवस लागले, केवढ्याला देणार, असे सगळे प्रश्न विचारले गेले, पण "हे झाड कोणते?" हा साधा प्रश्न एकानेही विचारला नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

तारेच्या झाडांचा अलीकडे मोठा शौक आला आहे. शहरातल्या दुकानांत, दिवाणखान्यांतल्या काचेच्या कपाटांत आणि लग्नाच्या भेटवस्तूंत ही 'बोन्साय' झाडे दिसतात. तारांची जुडी पिळून खोड करायचे, वरच्या टोकांना उलगडून फांद्या करायच्या, खालची टोके पसरून मुळे करायची आणि दगडावर बसवायचे. काही जण पानांच्या जागी रंगीत खडे ओवतात आणि "घरात ठेवल्याने भरभराट होते" अशी चिठ्ठीही जोडतात. ही कला वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, ज्याने आधी खरे झाड पाहिले आहे त्याच्याच हातून तारेचे झाड होते. ज्याने केवळ चित्र पाहिले आहे त्याच्या हातून तारेचे चित्र होते. या दोहोंतला फरक ज्या दिवशी आपल्याला कळेल, त्या दिवशी आपण झाडाकडेही नीट पाहू लागू आणि हाताने काम करणाऱ्या माणसाकडेही.

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. भोवताली कपाशी, तूर, संत्र्यांचे बगीचे आणि विहिरींवरचे पंप. जेथे पंप आहेत तेथे मोटारी जळणारच. विजेचा दाब कमी पडला किंवा तीनांपैकी एक फेज गेली आणि शेतकऱ्याच्या ते लक्षात आले नाही, की मोटार तापते, आतल्या तारेवरचा लेप जळतो आणि वास सुटतो. मग ती मोटार बैलगाडीत किंवा मोटारसायकलच्या मागे बांधून वाइंडिंगच्या दुकानात येते. माझा दादा अशाच एका दुकानात कामाला आहे. बारावीनंतर तो शिकला नाही. घरात दोघांपैकी एकालाच शिकवणे शक्य होते, आणि मी शिकले. हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्याच्यासमोर पुस्तक उघडून बसणे तितके सोपे नाही.

वाइंडिंगचे काम ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांना ते केवळ तार गुंडाळणे वाटेल. प्रत्यक्षात जुनी जळालेली वेटोळी काढताना त्यांचे फेरे मोजावे लागतात, तारेचा गेज पाहावा लागतो, प्रत्येक खाचेत कागद बसवून तितकेच फेरे तितक्याच ओढीने भरावे लागतात. एक फेरा चुकला तरी मोटार आवाज करते. रब्बीच्या दिवसांत शेतकरी दारात उभा असतो, पीक पाण्यावाचून माना टाकत असते, आणि दादा एकेक फेरा मोजत असतो. या कामातून उरलेले तुकडे आणि जुनी तांब्याची तार शेवटी किलोवर भंगारात जाते. त्यातलीच थोडी मालकाला विचारून तो घरी आणू लागला, पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करू लागला, आणि मोबाइलवरच्या एका चित्रावरून त्याने पहिले झाड केले. वाऱ्याने एका अंगाला कललेले, कड्यावरून खाली झेपावणारे. आम्हां सर्वांना ते फार आवडले.

आबाजींनी मात्र ते हातात घेऊन विचारले, "कोनतं झाड व्हय हे?"

"बोन्साय आहे, आबाजी."

"बोन्साय झाडाचं नाव असते काय?"

दादाजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते, आणि मी तर बी. ए. करीत होते.

पुढे शोधल्यावर कळले की, बोन्साय हे झाडाचे नाव नव्हेच. पसरट कुंडीत लावलेले रोप एवढाच त्या जपानी शब्दाचा अर्थ आहे. ही विद्या मूळ चीनची; जपानने ती आपलीशी करून वाढवली. डोंगरकड्यावर किंवा समुद्रकाठी वाऱ्याशी झगडत वाकलेले पाइन वृक्ष तिथल्या माळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आणि तेच रूप कुंडीत आणले. १६२५ सालापासून सांभाळलेले एक पाइन बोन्साय १९४५ मध्ये हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधूनही वाचले. ज्या यामाकी घराण्याने ते जपले होते त्याने १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट दिले, आणि आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तात्पर्य, त्या झाडांच्या वाकण्याला कारण आहे, इतिहास आहे. दादाच्या पहिल्या झाडाच्या वाकण्याला कारण एवढेच होते की, चित्रात ते वाकलेले होते.

येथे आणखी एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. खऱ्या बोन्सायमध्येही तार वापरतात. कोवळ्या फांदीभोवती तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार गुंडाळून तिला हवे तसे वळण देतात आणि वळण पक्के झाल्यावर तार काढून घेतात. म्हणजे तेथे तार झाडाला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवते. तारेच्या झाडात नेमके उलटे व्हायला हवे; तेथे झाडाने तारेला वाकवले पाहिजे. आणि त्यासाठी झाड समोर असायला हवे.

आबाजींच्या प्रश्नानंतर दादा झाडे पाहू लागला. आमच्याकडे पाहण्यासारखी झाडे थोडी नाहीत. धुऱ्यावरची बाभूळ पाहावी: काळे, उभ्या भेगांचे खोड आणि वर पसरलेला विरळ पिसारा. तिचीच बहीण रामकाठी, ती मात्र खराट्यासारखी सरळ वर जाते. संत्र्याचे झाड खालपासूनच फांद्यांनी भरते. बहार लागला की त्याला बांबूचे टेके द्यावे लागतात. चिंचेचा घुमट दाट, कडुनिंबाचा गोल. बोरीच्या झुडपाला शेळ्या तोंड पोहोचेल तिथपर्यंत खातात, म्हणून ते खालून कापल्यासारखे दिसते. प्रत्येक झाडाच्या आकारात काहीतरी घडलेले असते. ऊन कोठून येते, पाणी कोठे आहे, कोणी कुऱ्हाड चालवली, कोण फांदी ओरबाडून गेले, हे सारे त्या आकारात नोंदलेले असते. आपण दररोज एस. टी.च्या खिडकीतून ही पाने उलटत कॉलेजला येतो, पण वाचीत नाही.

तार मात्र वाचायला लावते. कागदावर रेघ चुकली तर रबर आहे. तांब्याच्या तारेला रबर नाही. एकाच ठिकाणी ती मागेपुढे वाकवली की टणक होत जाते आणि आणखी दोनचार वेळा वाकवली की तुटते. तापवून पुन्हा मऊ करता येते हे खरे. पण पिळलेल्या झाडातली एक फांदी तापवायला गेले तर शेजारच्याही बिघडतात. म्हणून वाकवण्यापूर्वीच ठरवावे लागते. दादा मला म्हणाला होता, "पह्यले झाड पाह्य, मंग तार धर. तारीले इचार कराले वेळ नसते." मला वाटते, कलेच्या पुष्कळ पुस्तकांत जे सांगायला पानेच्या पाने लागतात ते यात आले आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दादा एका झाडाला ६४ तारा घेतो. खोडात ६४. पहिल्या फाट्यावर २४ एकीकडे गेल्या की दुसरीकडे ४० च उरतात. पुढे त्या २४ च्या १० आणि १४ होतात, ४० च्या १८ आणि २२. कोठूनही एक तार जास्त आणता येत नाही. इटलीचा लिओनार्दो दा व्हिंची, ज्याला आपण 'मोनालिसा'चा चित्रकार म्हणून ओळखतो, त्याने सुमारे ५०० वर्षांपूर्वी आपल्या वहीत अशी नोंद केली की, झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकी भरते. पुढे १९६४ साली जपानमध्ये शिनोझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडाची कल्पना नळ्यांच्या जुडीसारखी मांडली: पानांच्या प्रत्येक हिश्शाला आपली एक नळी, ती फांदीतून, खोडातून थेट खाली आलेली. आणि फांदी तुटली तरी तिच्या नळ्या निकामी होऊन खोडात तशाच राहतात. खऱ्या झाडात हा हिशेब तंतोतंत जुळत नाही, जवळपास जुळतो. पण तारेच्या झाडात तो जुळल्यावाचून झाड उभेच राहत नाही. दादाने लिओनार्दोचे नाव ऐकले नव्हते. त्याला वाइंडिंगचे फेरे मोजायची सवय होती, एवढेच. जे मी ग्रंथालयात बसून वाचले ते त्याच्या बोटांना आधीच ठाऊक होते.

आता प्रदर्शनातल्या त्या झाडाकडे वळू. ते झाड म्हणजे दुकानासमोरचा कडुनिंब. त्याच्या एका बाजूने विजेची लाइन गेली होती, म्हणून दर पावसाळ्याआधी त्या बाजूच्या फांद्या छाटल्या जात. दादाने त्या बाजूच्या १६ तारा आधी लावल्या आणि मग पक्कडने मध्येच कापल्या. खोडात ६४, शेंड्याला ४८. परीक्षकांना "फांद्या कमी पडल्या" असे जे वाटले, तेच त्या झाडातले सर्वांत खरे काम होते. त्यांनी "हे झाड कोणते?" असे विचारले असते तर दादाने रस्त्यापलीकडे बोट दाखवून सांगितले असते. परीक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी झाडाची तुलना चित्रातल्या झाडाशी केली; आपण सगळेच तसे करतो.

राहिला प्रश्न शिल्पकलेत बसण्याचा. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने १९२६ पासून पॅरिसमध्ये नुसत्या तारेने माणसांचे चेहरे आणि सर्कशीतली माणसे-जनावरे केली. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. हाच काल्डर १९५५ मध्ये अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे पाहुणा आला आणि तेथे बसून त्याने शिल्पे केली. चंदीगडला नेक चंद नावाच्या रस्ते-खात्यातल्या माणसाने १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि बांधकामाचा राडारोडा गोळा करून जी बाग उभारली ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि आज ती पाहायला देशोदेशीचे लोक येतात. तेव्हा वस्तू तारेची आहे की भंगाराची, यावरून तिचे टेबल ठरवणे बरोबर नाही. तिच्यात पाहिलेले काही आहे की नाही, यावरून ठरवावे.

आणि ही गोष्ट इतरांना नाही तरी आपल्या जिल्ह्याला कळायला हवी होती. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी घाणी, कागद, चरखा यांवर वर्षानुवर्षे काम केले. ३० डिसेंबर १९३८ रोजी तेथेच गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले, आणि त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारी नव्हे, तर ग्रामोद्योगाची अवजारे आणि वस्तू मांडल्या गेल्या. त्याआधी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला व झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या विचाराचा गाभा असा होता की, हस्तोद्योग हा शिक्षणाच्या शेवटी जोडलेला छंदाचा तास नव्हे. हातातल्या कामातूनच गणित, भूगोल, निसर्ग शिकायचा. वर्धा जिल्ह्यात जन्मलेली ही कल्पना आपण पाठ्यपुस्तकात दोन गुणांच्या टिपेपुरती ठेवली. आणि आपल्याच जिल्ह्यातला एक तरुण मोटारीच्या तारेतून गणित व वनस्पतिशास्त्र शिकतो तेव्हा त्याला आपण 'टाकाऊ'च्या टेबलावर पाठवतो. यात विसंगती नाही काय?

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील हे मी जाणून आहे.

एक मैत्रीण म्हणाली, "पोट भरत नसेल तर या कलेचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. एका झाडाला दादाचे चार रात्रींचे जागरण लागते. महामार्गावर थांबलेल्या एका गाडीतल्या गृहस्थांनी ते पाहून किंमत विचारली, आणि ऐकल्यावर म्हणाले, "तार तर भंगारातलीच ना?" जणू तारेचीच किंमत द्यायची होती, चार रात्रींची नव्हे! पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर एकेक ठोका देऊन मठारणारे कारागीर आहेत. तेथेही पत्रा किती किलोचा हा हिशेब सोपा असतो, ठोक्यांचा हिशेब करताना गिऱ्हाइकाचा हात आखडतो. याला उपाय कारागिराने कला सोडणे हा नाही. घेणाऱ्याने वेळेची किंमत द्यायला शिकणे हा आहे. आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. कलेने पोट भरते का, हा प्रश्न निदान आपण तरी दुसऱ्याला जपून विचारावा.

दुसरा आक्षेप असा की, चित्रावरून केलेले झाडही सुंदर दिसते; मग बिघडले कुठे? दिसते, मान्य आहे. शिकताना नक्कल करावीच लागते, दादानेही केली. पण जन्मभर नक्कलच करणारा हात शेवटी यंत्राशी स्पर्धा करतो, आणि त्या स्पर्धेत हात हरतो. एकसारखी हजार झाडे कारखान्यातून निघू शकतील. आमच्या दुकानासमोरचा एका बाजूने छाटलेला कडुनिंब कोणत्याही कारखान्याला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. दारातली झाडे तोडायची आणि कपाटात तारेची झाडे मांडायची, हे ढोंग नव्हे काय? महामार्ग चौपदरी झाला, घरे रस्त्याला भिडली, दुकानांपुढे सिमेंट आले. यंदाच्या उन्हाळ्यात दुकानासमोरचा तो कडुनिंबही गेला. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. एका दुपारी करवत चालली आणि संध्याकाळपर्यंत बुंध्याची एक चकती तेवढी उरली. दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन आलेले शेतकरी उन्हात उभे होते. घरी आल्यावर मी दादाला समजावण्यासाठी म्हटले, "निदान तुझ्या तारेत तरी तो राहिला."

दादा चिडत नाही; त्या दिवशी चिडला. "हे राहिलं म्हणून ते गेलं तं चालते काय? याच्या सावलीत मोटर ठेवून दाखव बरं एखादी."

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. तारेच्या झाडाला सावली नसते, निंबोळ्या लागत नाहीत, त्याच्यावर कावळा घरटे करीत नाही. ते खऱ्या झाडाची जागा घेऊ शकत नाही आणि तसे कोणी म्हणू लागले तर त्याला अडवले पाहिजे. तरी मला असे वाटते की, त्या संध्याकाळी दुकानांच्या त्या रांगेत सर्वांत जास्त तुटला तो दादाच. कारण त्या झाडाची फांदी न् फांदी त्याने मोजलेली होती. बाकीच्यांचे एक झाड गेले. त्याचा हा कडुनिंब गेला. झाडे वाचवण्याची भाषणे आपण दर पावसाळ्यात ऐकतो. परंतु ज्याचा आकारही आपल्याला आठवत नाही त्याच्यासाठी कोण उभे राहील? तारेच्या झाडाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. ते झाड वाचवीत नाही. झाडासाठी जीव तुटेल असा माणूस तयार करते.

म्हणून माझी एक छोटीशी सूचना आहे. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात तारेच्या झाडांसाठी वेगळे टेबल असावे आणि त्याला एकच नियम असावा: प्रत्येक झाडाखाली त्या खऱ्या झाडाचे नाव आणि ते जेथे उभे आहे ती जागा लिहावी. कोणाच्या धुऱ्यावरची बाभूळ, कोणत्या शाळेपुढची चिंच, कोणाच्या बगीच्यातले संत्रे. परीक्षकांना वाटले तर त्यांनी जाऊन ताडून पाहावे. झाड जपानी पद्धतीचे नसले तरी चालेल, तोल गेलेला असला तरी चालेल, तार भंगारातली असली तरी चालेल. पत्ता मात्र खरा हवा.

दादाच्या झाडाखाली आम्ही चिठ्ठी लावली आहे. तीवर झाडाचे नाव आहे: कडुनिंब. जागेपुढे काय लिहावे यावर दोघांचे बराच वेळ एकमत होईना. शेवटी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले, "तळेगाव, वाइंडिंगच्या दुकानासमोर. होता."

— एक विद्यार्थिनी, बी. ए. अंतिम वर्ष